खेळ कोठे साठवला आहे?

तुमच्या घरी माळ्यावर जुन्या टीव्ही-गेमची एखादी कॅसेट पडलेली असेल तर ती खाली काढा. १९९०च्या दशकात ही वस्तू घरोघर नसली तरी गल्लीतल्या एखाद्या घरी असे, आणि सुट्टीत सारी गल्ली त्या घरी असे. तिला सगळे कॅसेट म्हणत. वास्तविक तिच्यात फीत नाही की फिरणारे काही नाही. शिक्षकांच्या देखत मागचे स्क्रू काढलेत तर आत एक लहानशी हिरवी पाटी, तिच्यावर एखादी चिप किंवा लाखेसारखा काळा ठिपका आणि खालच्या कडेला धातूच्या पट्ट्यांची रांग दिसेल. सगळा खेळ त्या ठिपक्याखालच्या सिलिकॉनच्या तुकड्यात आहे. खेळातील प्रत्येक सूचना, प्रत्येक चित्र, प्रत्येक सूर शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहिलेला असतो. हे अंक चिप घडवतानाच तिच्या जोडण्यांत बसवलेले असल्यामुळे वीज गेली तरी ते पुसले जात नाहीत.

किती अंक? १९८५ साली निघालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ सुमारे ४० किलोबाइटचा होता. तुम्ही वाचत आहात तो लेख संगणकात वीस-बावीस किलोबाइट जागा घेतो, कारण देवनागरीतील एकेका चिन्हाला बहुधा तीन बाइट लागतात. म्हणजे असे दोन लेख मावतील एवढ्या जागेत मारिओचे ३२ टप्पे, शत्रू, ढग, झुडपे आणि संगीत बसवले होते! (नीट पाहिलेत तर ढग आणि झुडूप एकाच आकाराचे दिसतील. चित्र एकच आहे, रंग तेवढा वेगळा. जागा वाचवण्याची ही युक्ती मला फार आवडते.)

खेळ अडला की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता. फुंकरीतल्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या उलट खराब होत. खेळ चालू होई तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, पट्ट्या एकमेकींवर घासल्या गेल्यामुळे.

खेळ मोठे होऊ लागले तशी चिप महाग पडू लागली. १९९४ साली आलेल्या प्लेस्टेशनने सीडी वापरली. सीडीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिलाकार वाट असते. ती उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. या वाटेवर बारीक खळगे असतात. लेसरचा किरण तिच्यावरून फिरतो आणि परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो त्यावरून अंक वाचले जातात. खळगा म्हणजे शून्य आणि सपाटी म्हणजे एक, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ते बरोबर नाही. खळग्याची कड आली की एक, आणि कड न येता जितके अंतर गेले तितकी शून्ये, अशी ही लिपी आहे.

आता सांगा, त्याच आकाराच्या डीव्हीडीवर सीडीच्या सहापट माहिती कशी मावते? उत्तर प्रकाशाच्या तरंगलांबीत आहे. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा आणि ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळा. तरंगलांबी जितकी लहान तितका किरण बारीक बिंदूवर एकवटता येतो. अणकुचीदार पेन्सिलीने बारीक अक्षर काढता यावे तसेच हे आहे. भिंगातही सुधारणा झाली. सीडीच्या वाटेच्या दोन वेढ्यांत १.६ मायक्रोमीटर अंतर असते, डीव्हीडीत ०.७४ आणि ब्लू-रेत ०.३२. हे डोळ्यांनी पडताळता येते. संध्याकाळी खोलीत एकच लहान दिवा लावून सीडी आणि डीव्हीडी शेजारी शेजारी धरा आणि हळूहळू कलती करा. डीव्हीडीतील रंग अधिक पसरलेले दिसतील, कारण तिच्या रेघा अधिक जवळ आहेत. हा प्रयोग सूर्यप्रकाशात किंवा लेसरने मात्र करू नका. डोळ्यांना इजा होईल.

कॅसेट काय किंवा सीडी काय, खेळ एका वस्तूत बसवलेला होता. पण मुळात खेळ म्हणजे वस्तू नव्हे. ती अंकांची एक लांबलचक रांग आहे. हा फरक लक्षात येण्यासाठी आपण राजूरला जाऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर हे गाव आहे. येथील पेढे प्रसिद्ध आहेत. राजूरचा पेढा तुम्ही मित्राला दिलात की तो तुमच्याजवळ उरत नाही. पण वर्गातला मित्र तुम्हाला पाढा विचारतो आणि तुम्ही सांगता, तेव्हा तुमचा पाढा कमी होतो काय? अंकांची रांग पाढ्यासारखी आहे. ती तारेतून, काचतंतूतून किंवा रेडिओ लहरींवरून पाठवता येते, आणि मूळ प्रत जागच्या जागी राहते. यालाच आपण डाउनलोड म्हणतो. २००३ साली अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने संगणकावरील खेळांसाठी ‘स्टीम’ ही सेवा सुरू केली, २००८ साली मोबाइलवरील दुकाने निघाली, आणि २०१६ नंतर आपल्याकडे मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर खेड्यातला मुलगाही खेळ उतरवून घेऊ लागला. कित्येक घरांत कॅसेटनंतर एकदम मोबाइलच आला. मधला सीडीचा काळ त्यांनी पाहिलाच नाही.

पण रांग लांब असली तर? समजा, राजूरच्या एका विद्यार्थ्याला ६० गिगाबाइटचा खेळ हवा आहे आणि त्याच्या जोडणीचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून ६० गुणिले ८००० भागिले १०, म्हणजे ४८,००० सेकंद. तेरा तास वीस मिनिटे! आता दुसरे गणित करा. अकोल्याहून राजूरला येणाऱ्या एसटीत कोणी ५० गिगाबाइटच्या शंभर ब्लू-रे पिशवीत घालून बसला आहे, आणि गाडीला पाऊण तास लागतो असे धरा. ४०,००० गिगाबिट २,७०० सेकंदांत आले. वेग सेकंदाला जवळजवळ १५ गिगाबिट पडला. मोबाइलच्या दीड हजार पट! मात्र एसटीतून पहिला अंक यायलाही पाऊण तास लागतो, आणि लहरीवरून तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत येतो. वेग या एकाच शब्दात या दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

शिवाय राजूरच्या आसपास सह्याद्रीच्या रांगा आहेत. मोबाइलच्या लहरींची लांबी ढोबळमानाने दहा-वीस सेंटिमीटरांपासून चाळीसएक सेंटिमीटरांपर्यंत असते. डोंगर त्यांना पार करू देत नाही, आणि एवढ्या लहान लहरी त्याला वळसा घालूनही फारशा येत नाहीत. टॉवर डोंगरापलीकडे असला की अलीकडे रेंजची सावली पडते. त्यातल्या त्यात लांब लहरी थोड्या अधिक वळतात. काचतंतूला मात्र ही अडचण नाही. तो रस्त्याबरोबर वळतो आणि आतला प्रकाशही त्याच्याबरोबर वळतो.

रेंज मधेच तुटली तरी उतरवलेला खेळ बिघडत नाही, याचे नवल वाटते ना? खेळाची रांग छोट्या तुकड्यांत चिरून पाठवतात. प्रत्येक तुकड्यावर त्याचा क्रमांक असतो आणि एक तपासणीचा अंकही असतो. हे वर्गात करून पाहा. एकाने मैदानाच्या टोकावरून ४, ७, १, ९, २ हे अंक ओरडून सांगावेत आणि शेवटी बेरजेचा, म्हणजे २३चा, एककाचा अंक ३ सांगावा. ऐकणाऱ्याने ९च्या जागी ८ ऐकला तर त्याची बेरीज २२ होईल, ३शी जुळणार नाही आणि तो तुकडा पुन्हा मागवील. पण ७ आणि १ यांची अदलाबदल झाली तर? बेरीज तीच राहील आणि चूक निसटेल. म्हणून प्रत्यक्षात याहून बिकट गणिते वापरतात.

इथवर सारा लाभच दिसतो. आता दुसरी बाजू. कॅसेट तुमची होती; ती मित्राला देता येई, विकता येई, आणि तिची कंपनी बुडाली तरी ती चाले. डाउनलोड घेताना बहुधा खेळ विकत मिळत नाही, खेळण्याचा परवाना मिळतो. त्यात आणखी एक गोष्ट असते. पुष्कळ खेळांचा निम्मा भाग तुमच्या यंत्रात आणि निम्मा दूरच्या सर्व्हरवर असतो. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने पब्जीसह ११८ ॲपवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला येथील सेवा बंद झाली. बंदी योग्य होती की नव्हती, हा आपला विषय नाही. फोनमध्ये उतरवलेली फाइल जशीच्या तशी असूनही खेळ चालेना, एवढेच पाहा. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ साली आला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचा सर्व्हर बंद झाला आणि ज्यांनी चकती विकत घेतली होती त्यांचाही खेळ संपला. यावरून युरोपात चळवळ उभी राहिली आणि २०२५ साली तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून असा कायदा आहे की, केवळ परवाना देणाऱ्या दुकानाने ते ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असा शब्द वापरू नये. हा कायदा मला रास्त वाटतो. जून २०२५मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या ‘स्विच २’ या यंत्रासाठी तर अशीही कार्डे निघाली की, ज्यांत खेळ नसतोच. खेळ उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते.

जुन्या वस्तू अमर होत्या असेही नाही. चिपा मरतात, सीडीचा चकचकीत थर काळाने उडतो. ज्याच्या प्रती पुष्कळ तेच टिकते, आणि प्रत काढणे डाउनलोडच्या काळात सर्वांत सोपे आहे. अडतो तो परवाना. २०२३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या पाहणीत असे दिसले की, तेथे २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत.

तुमच्या घरच्या फोनमधील खेळ कोठे साठवले आहेत, हे तुम्हीच शोधून काढा. मोठ्यांची परवानगी घेऊन फोन विमान-मोडवर टाका, वाय-फायही बंद करा आणि एकेक खेळ उघडा. वहीत तीन रकाने आखा : पूर्ण चालतो, उघडतो पण पुढे जात नाही, उघडतच नाही. प्रत्येक खेळाने फोनमध्ये किती जागा घेतली आहे तेही शेजारी लिहा. शिक्षकांनी सर्व वर्गाच्या नोंदी फळ्यावर एकत्र मांडाव्यात. जास्त जागा घेणारा खेळ हमखास पहिल्या रकान्यात येतो का, हे विशेष लक्ष देऊन पाहा.