हिजरत, मंगळ आणि अमानत

मंगळावर मानवाने वस्ती करावी काय, असे तरुण वाचक आता विचारू लागले आहेत. ‘आयुका’सारखी खगोलविज्ञान संस्था ज्या पुण्यात १९८८ साली स्थापन झाली, तेथे हा प्रश्न निघावा यात नवल नाही. सूरह रहमानच्या ३३व्या आयतीत आकाशांच्या सीमा ओलांडण्याचा उल्लेख आहे. तीत अग्निबाणाची भविष्यवाणी शोधणाऱ्यांनी मागच्या-पुढच्या आयतीही वाचाव्यात. तेथे विषय अल्लाहच्या पकडीतून सुटका नसल्याचा आहे, प्रवासाच्या मनाईचा नव्हे.

तेव्हा पाहावे ते जाण्याचे कारण. मक्केतील छळ असह्य झाल्यावर काही मुस्लिम हबशात गेले, कारण तेथील ख्रिस्ती राजा नजाशी न्यायी होता. ही हिजरत. संपत्तीसाठी वा विवाहासाठी निघालेल्याची हिजरत मात्र त्याच हेतूची गणली जाते, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे. रोजगारासाठी आखातात जाणे वैधच आहे. त्यास हिजरतीचा मान मागू नये इतकेच.

स्थलांतर सक्तीचे असेल तर? १३२७च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलवली, तेव्हा उलेमा, सूफी व अमीर-उमरावांना हुकुमाने दिल्ली सोडावी लागली. पुढे राजधानी परत गेली. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (र.) मात्र दख्खनेतच राहिले; त्यांची कबर खुलदाबादेत आहे. (अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, परदेशी.) अशा बुजुर्गांमुळे येथे धर्मज्ञान रुजले हे खरे, पण म्हणून सुलतानाची सक्ती न्याय्य ठरत नाही. मंगळावर जन्मणाऱ्या बालकालाही कोणी विचारलेले नसेल.

आणखी एक बाब अवकाशाच्या चर्चेत कोठेच येत नाही. मदीनेस निघताना प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवले, ते लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी. आणि त्या ठेवी होत्या प्रेषितांच्या (स.) जिवावर उठलेल्या मक्कावासीयांच्या! पृथ्वी बिघडली म्हणून दुसरा ग्रह शोधणाऱ्यांनी, वाचकहो, आधी हा हिशेब द्यावा. कुरआनने मानवास पृथ्वीवर खलीफा म्हटले आहे. आपल्या मुठा नदीचे पाणीही त्याच अमानतीत मोडते.

हाच हिशेब परदेशी नोकरीचा करार हाती आलेल्या तरुणालाही लागू आहे: डोक्यावरचे कर्ज, पत्नीचा महर, वृद्ध मातापित्यांची सोय. अबू दाऊदमधील हदीसनुसार एक मनुष्य हिजरतीची बैअत करण्यास आला आणि आईवडिलांना रडत सोडून आल्याचे त्याने सांगितले. प्रेषितांनी (स.) त्याची बैअत घेतली नाही, ज्यांना रडवले त्यांना हसवण्यासाठी त्याला घरी पाठवले.