मूल बोलत नाही, शाळा घेत नाही. पालकांनी काय करावे?

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या एका खेड्यातून अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आई व आजी माझ्या दवाखान्यात आल्या. मुलाला येथे आपण बाळू म्हणू. “डॉक्टरसाहेब, हा बोलतच नाही. हाक मारली तरी बघत नाही,” आई म्हणाली. “याचा बापही चार वर्षांचा झाल्यावर बोलला,” आजीने लगेच सांगून टाकले. बाळूचे वजन, उंची उत्तम होती. बाहेर रुग्णांची गर्दी होती. मीही म्हणालो, “मुलगे उशिरा बोलतात, वाट पाहा.” आणि एक टॉनिक लिहून दिले.

ती माउली पुन्हा आली तेव्हा बाळू साडेपाच वर्षांचा होता. “याला घरीच ठेवा,” असे शाळेने तोंडीच सांगितले होते. बाळूला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम होता. शिकवण्याची सर्वांत मोलाची तीन वर्षे माझ्या एका वाक्यापायी वाया गेली. ती चूक कबूल करूनच आजचा लेख लिहीत आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

ही मेंदूच्या वाढीतील जन्मजात भिन्नता आहे. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे निरीक्षण मांडले, तेव्हापासून वैद्यकशास्त्र तिला ओळखते. आईने लक्ष दिले नाही म्हणून ती होत नाही, लसीमुळे होत नाही आणि बाहेरच्या बाधेने तर नाहीच नाही.

पुढील लक्षणांकडे लक्ष ठेवावे : वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, नजरेला नजर देत नाही, तेच तेच शब्द पोपटासारखे म्हणते, गाडी खेळण्याऐवजी तिचे चाकच फिरवत बसते, मिक्सरच्या आवाजाने कान झाकून किंचाळते. येऊ लागलेले शब्द नाहीसे झाले तर एक दिवसही थांबू नये. एकच लक्षण म्हणजे स्वमग्नता नव्हे. पण तपासणीला तेवढे कारण पुरे आहे.

तपासणी कोठे व कशी?

प्रथम कानाची तपासणी करावी. ऐकू न येणारे मूलही बोलत नाही. स्वमग्नता दाखवणारी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नाही. मुलाचे वागणे पाहून व आईवडिलांशी सविस्तर बोलूनच निदान होते. म्हणून मूल घरी कसे वागते याची टिपणे वहीत लिहून न्यावीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत व शाळेत येऊन मुले तपासतात आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. आपल्या अंगणवाडी सेविकेकडे किंवा जिल्हा रुग्णालयात याची चौकशी करावी. वाचा, वर्तन व हाताच्या कौशल्यांचे उपचार मात्र निदानाच्या कागदाची वाट न पाहता सुरू करता येतात.

दाखल्यासाठी आपल्याकडे ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० बाबी असून प्रत्येकीला १ ते ५ गुण असतात. एकूण ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता धरत नाहीत. बुद्ध्यांकाची चाचणी वेगळी. न बोलणाऱ्या मुलाचा बुद्ध्यांक कमी निघाला म्हणून त्याला बुद्धीच नाही, असे कोणी समजू नये. दिव्यांग प्रमाणपत्राचा व यूडीआयडी कार्डाचा अर्ज संगणकावरून भरावा लागतो. लहान मुलाचा दाखला बहुधा तात्पुरता असतो. त्याची मुदत पाहून ठेवावी.

शाळा नाही म्हणू शकते का?

नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते व त्यांत स्वमग्नता नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत व त्यांत ती आहे. या कायद्यानुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

तोंडी नकार ऐकून घरी परतू नये. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा व दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर न आल्यास गटशिक्षणाधिकारी, नंतर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि शेवटी पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त, अशी पायरी आहे. बाळूच्या आईला दुसऱ्या पायरीच्या पुढे जावे लागले नाही. पोच असलेल्या अर्जाचे वजन निराळेच असते!

शाळेकडे काय मागावे?

१) गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांची भेट व मुलासाठी वेगळा शैक्षणिक आराखडा.
२) दिवसभराच्या तासांचा चित्रांचा तक्ता, बदल असल्यास पूर्वसूचना.
३) एका वेळी एकच, छोटी सूचना.
४) गोंगाट असह्य झाल्यास बसायला शांत कोपरा.
५) घर व शाळा यांच्यात रोज ये-जा करणारी एक वही.
६) परीक्षेत नियमानुसार जादा वेळ व लेखनिक.

गुरुजींवरही पन्नास कामे असतात, हे पालकांनी विसरू नये. भांडत गेल्यास दार बंद होते. वही घेऊन गेल्यास बहुधा उघडते.

एक इशारा : ‘ऑटिझम मुळापासून बरा करतो’ अशा जाहिरातींना भुलू नका. स्टेम सेलच्या महागड्या इंजेक्शनांनी स्वमग्नता बरी होते, असे सिद्ध झालेले नाही. त्यापायी जमीन गहाण टाकू नये.

बाळू आता चौथीत आहे. अजूनही तो मोजकेच बोलतो. पूर्वी शाळेची घंटा होताच तो पळून जाई. बाईंनी घंटेआधी त्याला खूण करायला सुरुवात केली. आता तो स्वतःच कान झाकतो व जागेवर बसून राहतो. बाकीची मुले त्याला हसत नाहीत.

मी मात्र आता कोणत्याही आईला ‘वाट पाहा’ असे सांगत नाही. तुम्हाला कोणी सांगितले, अगदी डॉक्टरांनी सांगितले, तरी मनात शंका असल्यास तपासणी मागून घ्या.