फायरवॉलचे पत्तांतर-नियम : एआय एजंटसाठी साधनांचे लेखन

अलीकडे 'एआय एजंट' हा शब्द विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्याही कानावर वारंवार पडतो. एजंट म्हणजे केवळ प्रश्नांची उत्तरे देणारा संगणक-कार्यक्रम नव्हे. त्याला काम सांगितले की कोणते साधन वापरायचे हे तो स्वतः ठरवतो आणि ते चालवतोही. अशा एजंटच्या हाती आता फायरवॉलचे, म्हणजे जाळ्याच्या दारावरील पहारेकऱ्याचे, नियम बदलण्याची साधनेही दिली जात आहेत. त्या साधनांचे वर्णन कसे लिहावे, याविषयी येथे आम्ही काही मांडू इच्छितो.

वसतिगृहात राहिलेल्यांना यातील मूळ कल्पना सहज उमगेल. घरून येणाऱ्या पत्रावर मुलाचे नाव, खाली 'द्वारा अधीक्षक' आणि साऱ्यांचा मिळून एकच पत्ता असे. कोण कोणत्या खोलीत राहतो हे पोस्टमनला ठाऊक नसे. ते अधीक्षकांच्या नोंदवहीत असे. इंटरनेटच्या आयपी आवृत्ती ४ मध्ये सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. ते पुरणार नाहीत हे ध्यानी आल्यावर १९९४ मध्ये हीच युक्ती मांडली गेली. आतील यंत्रांना खाजगी पत्ते द्यायचे, बाहेर मात्र एकच सार्वजनिक पत्ता दाखवायचा आणि दोहोंची सांगड फायरवॉलने नोंदवहीत ठेवायची. यालाच आम्ही पत्तांतर म्हणतो. आतून बाहेर जाताना प्रेषकाचा पत्ता बदलतो. बाहेरून आलेले आतील ठराविक यंत्राकडे वळवायचे असेल तर गंतव्य पत्ता बदलतो. या दुसऱ्या प्रकारात गफलत झाली आणि सोबत परवानगीही सैल असली, तर विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवलेले यंत्र साऱ्या जगासमोर उघडे पडते.

एजंटला यंत्रखोली दिसत नाही. साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि भरावयाचे रकाने एवढेच त्याच्यापुढे असते. शिवाय त्याने अनेक कंपन्यांच्या फायरवॉलविषयी वाचलेले असते, आणि खरा धोका तिथेच आहे. लिनक्सच्या फायरवॉलमध्ये बाहेरून आलेल्या पॅकेटचा गंतव्य पत्ता आधी बदलतो, मग ते पुढे सोडायचे की नाही हे तपासले जाते. म्हणून परवानगीच्या नियमात आतील पत्ता लिहावा लागतो. पालो आल्टो कंपनीच्या फायरवॉलमध्ये त्याच नियमात पत्ता बदलापूर्वीचा लिहायचा, पण विभाग मात्र बदलानंतरचा, म्हणजे यंत्र प्रत्यक्ष ज्यात आहे तो! सिस्कोच्या एएसए फायरवॉलमध्ये तर आवृत्ती ८.३ पासून रीतच उलटली. पूर्वी बाहेरचा पत्ता लिहीत, नंतर आतील लिहू लागले.

तेव्हा वर्णनात नुसते 'गंतव्य पत्ता' असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिण्यासारखे आहे. भारतीय संविधानात मूलभूत हक्कांच्या भागात कलम १२ मध्ये 'राज्य' या शब्दाचा अर्थ आधी सांगितला आहे, हक्क त्यापुढे येतात. तेवढी शिस्त येथेही हवी. पालो आल्टोसाठीच्या साधनात आम्ही असे लिहू : "पॅकेट फायरवॉलवर पोचते तेव्हा त्यावर असलेला सार्वजनिक पत्ता या रकान्यात द्यावा. आतील यंत्राचा पत्ता 'बदललेला पत्ता' या रकान्यात द्यावा. हे साधन परवानगीचा नियम तयार करीत नाही." यातील शेवटचे वाक्य आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. साधन काय करीत नाही हे लिहिण्याचा कंटाळा बहुतेकांना असतो.

तीच गोष्ट क्रमाची. नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो. नवा नियम यादीच्या शेवटी जाऊन बसला आणि वर एखादा व्यापक नियम आधीच असला, तर नवा कधीच लागू होत नाही; एजंट मात्र 'नियम जोडला' असे प्रामाणिकपणे कळवतो. पालो आल्टोमध्ये आणखी एक पायरी आहे. बदल प्रथम मसुद्यात जातो आणि 'कमिट' केल्यावाचून अमलात येत नाही. म्हणून साधनाच्या उत्तरात 'मसुद्यात नोंदला, अद्याप लागू नाही' हे शब्द यायलाच हवेत.

उदाहरणेही जपून द्यावीत, कारण त्यांतील पत्ते एजंट जसेच्या तसे उचलू शकतो. २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते खास लेखनातील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, तेच वापरावेत.

एजंट आणि साधने यांना जोडणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. साधन केवळ वाचते की काही नष्टही करू शकते, अशी खूण त्यात करता येते. ही खूण म्हणजे दारावरची पाटी. ते कुलूप नव्हे. कुलूप म्हणजे माणसाची मंजुरी. आणि शाळेत मंजुरी देणारी व्यक्ती बहुधा संगणक शिक्षक असते, जाळ्यांची तज्ज्ञ नव्हे. त्यांच्यापुढे केवळ पत्त्यांचे आकडे येऊन भागणार नाही. 'हा नियम लागू केल्यास बाहेरील कोणालाही कार्यालयातील नोंदींच्या यंत्रापर्यंत पोचता येईल' असे सरळ मराठी वाक्य, होकाराच्या बटणाच्या वर, यावे.