फडताळातलं पदक

घर आता तुझ्या हाती आलंय, पोरी, तर त्या दोन वस्तूंचंही ऐकून ठेव. एक तुझ्या आजेसासऱ्यांचं पोलिसातलं पदक, स्वातंत्र्याच्या पंचविशीचं, १९७२ सालचं. दुसरं मुरबाडच्या आजोळहून आलेलं स्वातंत्र्यसैनिकाचं ताम्रपत्र, त्याच वर्षीचं.

१. पदक घासायचं नाही, सणासुदीलाही नाही – ते तांबं-निकेलच्या मिश्रणाचं, आपोआप फारसं बिघडत नाही; पण पावडरीनं त्याच्यावरच्या सिंहांची आयाळ झिजते. घासलं ते चकाकलं, पण ओळख विसरलं.

२. ताम्रपत्राला चिंच-मीठ लावायची खोड तुझ्या हाताला असणारच, तांब्याचा हंडा लख्ख ठेवणारी तू, पण इथं ती आवर – आंबटानं वरचा काळसर थर जातो, आणि तोच थर आतलं तांबं राखत असतो. हिरवट भुकटी दिसली तर कोरड्या मऊ ब्रशनं झटक आणि कोरड्या जागी ठेव, बस्स.

३. पदक उचलताना कडेनंच धर, आणि ती कड एकदा भिंगानं वाच – असली पदकं लाखांनी वाटली गेली, सगळी दिसायला सारखी. नाव-नंबर बहुधा कडेवरच कोरलेला असतो आणि तेवढ्यानंच ते आपलं ठरतं.

४. मुलांना पदकावरची राजमुद्रा नीट बघायला शिकव. सारनाथच्या अशोकस्तंभावरचे सिंह चार, दिसतात तीन. खाली मधे चक्र, आपल्या उजव्या हाताला बैल, डाव्या हाताला घोडा – बाजारात नकलाही फिरतात, आणि नक्कल करणारा सिंह झोकात काढतो पण बैल-घोड्यात घाई करतो, असं माझं आपलं मत.

५. ताम्रपत्रावर १५ ऑगस्टच्या जोडीला २४ श्रावण, शके १८९४ असं लिहिलंय. तो श्रावण बघून उपास धरू नकोस – ती सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीख आहे, सूर्यावर चालणारी. आपला पंचांगातला श्रावण चंद्राचा.

६. तानसाकडचा पाऊस भिंतीतून आत येतो, म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या फडताळात काही ठेवू नकोस. दोन्ही वस्तू धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळ, बुटांच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या सोबत टाक – प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि रबरबँडातल्या गंधकानं धातू काळा पडतो. पदकाच्या फितीला ऊन दाखवू नकोस, रंग उडतो.

७. कुणी पंधरा ऑगस्टला पदक लावून मिरवायचं म्हणालाच, तर उजव्या छातीवर लाव म्हणावं – डावी बाजू ज्यानं मिळवलं त्याची, उजवी घरच्यांची, असा रिवाज आहे.

८. दोन जानेवारीला मुलांना सिद्धगडला ने. १९४३ साली त्याच दिवशी तिथं स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले – ताम्रपत्रं निघाली ती त्यानंतर एकोणतीस वर्षांनी, आणि आपल्या घरात पोलिसाचं पदक अन् स्वातंत्र्यसैनिकाचं ताम्रपत्र एकाच खणात आहे, हे पोरांना तिथं उभं राहिल्यावर जास्त कळेल. जाताना ताम्रपत्र मात्र नेऊ नका, फोटो न्या.

९. ‘जुन्या पदकाला लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला तर ठेवून दे – खरा घेणारा आधी वस्तू बघायला मागतो. वस्तू बघायला मागणारा दारात येतो, आधी पैसा मागणारा फोनवरच राहतो.

१०. ताम्रपत्र म्हणजे मान, पेन्शनचा दाखला नव्हे – स्वातंत्र्यसैनिकांची केंद्राची पेन्शन १५ ऑगस्ट १९७२ पासूनच सुरू झाली खरी, पण तिला तुरुंगवासाचे कागद लागायचे. ते कागद ताम्रपत्रामागे घडी करून खोचलेले आहेत, आणि घडीवर फाटायला लागलेत. पदकाचं नंतर बघ. आधी ते सरळ करून शहापूरला झेरॉक्स काढून आण, या आठवड्यातच.