हट्टी नव्हे, गोंधळलेलं लेकरू

झरीच्या (जि. परभणी) एका आईचा प्रश्न : सात वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे, जोडीला अतिचंचलताही. आंघोळ, जेवण, शाळा, प्रत्येक वेळी रडारड. घरचे म्हणतात, लाडाने बिघडवला.

तज्ज्ञांचं उत्तर : लाडाने असं होत नाही. दोन्ही अवस्था मेंदूच्या जडणघडणीतल्या आहेत आणि अनेकदा सोबतच येतात. तरीही अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निकषांत २०१३पर्यंत एका मुलाला ही दोन्ही निदानं देण्याची सोय नव्हती.

खरी ओढाताण मुलाच्या आतच असते. स्वमग्नतेला ठरलेला क्रम हवा, अतिचंचलतेला तोच पाळवत नाही. म्हणून भिंतीवर चारच चित्रं असावीत : बादली, ताट, दप्तर, चप्पल. काम झालं की मुलाने स्वतः चित्र उलटवावं आणि अंगणात दोन मिनिटं उड्या माराव्यात. ‘आवर लवकर’ याऐवजी ‘शर्ट घाल’ एवढंच सांगावं. डोक्यावर तांब्या ओतताच किंचाळत असेल, तर पाणी पायांपासून हळूहळू वर न्यावं. उरसाच्या भोंग्याजवळ कान झाकणं हा हट्ट नव्हे. तिथून बाजूला न्यावं.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी मागावी. अतिचंचलतेवर औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत स्वमग्नता आहे, अतिचंचलता स्वतंत्रपणे नाही. ही उणीव आईबापांना जाचते. त्यामुळे प्रमाणपत्र स्वमग्नतेचं काढावं. त्यावर ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळू शकतो.