मुक्या जनावरांची तहान

पुष्कळ घरांतून अशी समजूत आढळते कीं, कुत्रें फार पाणी पितें म्हणूनच तें फार लघवी करितें. तेव्हां रात्रीं त्याच्यापुढचें पाण्याचें भांडें उचलून ठेविलें म्हणजे सकाळीं घर कोरडें राहील. भांडें उचलणाराच्या मनांत दुष्टपणा नसतो. परंतु कित्येकदां खरा क्रम याच्या अगदीं उलट असतो, व या गैरसमजापायीं जनावराच्या प्राणावर बेततें. म्हणून हा विषय येथें घेत आहों.

रक्तांत क्षारांचें प्रमाण ठराविक असावें लागतें. तें शेंकडा एक-दोननें जरी वाढलें तरी मेंदूच्या तळाकडील कांहीं पेशींस तें कळतें. त्या तहान उत्पन्न करितात. शिवाय तेथेंच लोंबणाऱ्या एका लहानशा ग्रंथींतून रक्तांत एक रस सोडवितात. या रसाच्या योगानें मूत्रपिंडें पाणी राखून ठेवितात व मूत्र दाट होतें. केंब्रिजच्या व्हर्नी या शास्त्रज्ञानें १९४७ सालीं प्रसिद्ध केलेले यासंबंधींचे प्रयोग कुत्र्यांवरच झाले होते. कुत्र्यास भरपूर पाणी पाजून लघवी वाहती झाल्यावर, मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणींत मिठाचें तीव्र पाणी टोंचलें कीं, लघवीचा ओघ आटत असे.

मनुष्य आपलें मूत्र रक्ताच्या सुमारें चौपट दाट करूं शकतो. कुत्रा सात-आठपट, आणि मांजर तर दहापटींपर्यंत! मांजराचे पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रुक्ष मुलखांतले. निर्माणकर्त्यानें त्यांस ही शक्ति देऊन ठेविली आहे. १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मांजरें केवळ मांस किंवा मासळी यांतील ओलाव्यावर, वेगळें पाणी न पितां राहिल्याचें दिसून आलें. तथापि कोरडें खाद्य खाणाऱ्या मांजरापुढें पाणी हें हवेंच.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. मूत्रपिंडें झिजलीं, मधुमेह जडला, अथवा कुत्रीच्या गर्भाशयांत पू झाला, तर मूत्र दाट होईनासें होतें. मधुमेहांत मूत्रावाटें जाणारी साखर आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. अशा वेळीं पाणी आधीं शरीरांतून निघून जातें, आणि तहान मागाहून ती तूट भरूं पाहते. भांडें काढून घेतल्यानें लघवी थांबत नाहीं. जनावर मात्र सुकत जातें.

मग घरच्यांनीं काय करावें? पाणी मापून ठेवावें, व दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं उरलेलें मापावें. दर किलो वजनास दिवसाकाठीं १०० मिलिलिटरहून अधिक, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यानें एक लिटरहून अधिक पाणी पिणें, हें संशयास्पद होय. सकाळची पहिली लघवी स्वच्छ भांड्यांत धरून पशुवैद्याकडे न्यावी. तो तिचें विशिष्ट गुरुत्व पाहतो. शरीरास पाण्याची तूट असतांही तें कुत्र्यांत १.०३० व मांजरांत १.०३५ पर्यंत चढत नसेल, तर मूत्रपिंडांविषयीं शंका घेण्यास जागा आहे.

मांजराची परीक्षा अधिक कठीण. तें बाहेर जाऊन माती उकरतें, आणि किती लघवी केली याचा पत्ता लागूं देत नाहीं. पण एरव्हीं पाण्याकडे न बघणारें वयस्क मांजर न्हाणीघरांतील ओली फरशी चाटूं लागलें, किंवा गळक्या नळाखालीं जाऊन बसूं लागलें, तर त्याच आठवड्यांत पशुवैद्यास दाखवावें; कारण मूत्र दाट करण्याची शक्ति जाते तेव्हां मूत्रपिंडांचा सुमारें दोन-तृतीयांश भाग निकामी झालेला असतो.