कोकरू, सुरी आणि निळा दोरा

वल्हांडणाच्या कोकराचे नियम तालमूदच्या ‘पेसाखिम’ ग्रंथात, तर वस्त्राच्या चार कोपऱ्यांना बांधायच्या गोंड्यांचे म्हणजे त्सित्सितचे ‘मेनाखोत’च्या चौथ्या अध्यायात. जेरुसलेमचं मंदिर इ.स. 70 मध्ये उद्ध्वस्त झालं आणि कोकराचा बळी बंद पडला. गोंडे मात्र आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, प्रार्थनेच्या शालीला आजही लावतो. बंद पडलेला कायदा आणि चालू असलेला कायदा शेजारी ठेवून शिकताना जे उमगलं, ते असं.

1. आधी वस्तू हाताळा, मग नियम वाचा. कोकरू भाजायचा दांडा डाळिंबाच्याच लाकडाचा हवा. का? लोखंडी सळई तापली की मांस विस्तवाऐवजी सळईच्या धगीने भाजतं. इतर लाकडं पाणी सोडतात, मग ते उकडल्यासारखं होतं. रक्त झेलायच्या भांड्यांना सपाट बूड नव्हतं, कारण खाली टेकवलं तर रक्त गोठेल. असं कारण सापडेपर्यंत पान उलटू नये.

2. माणसं मोजायला शिका. कोकरू कापण्याआधी त्यात वाटेकरी कोण, हे ठरलेलं असावं लागे. नंतर आलेल्याला घास नाही. नोंदलेल्या प्रत्येकाला निदान ऑलिव्हच्या फळाएवढं मांस मिळायलाच हवं. या नियमांवरचे निम्मे वाद धर्मापेक्षा पंगतीच्या हिशेबाचे वाटतात. ते कागदावर मांडून सोडवले तरच सुटतात.

3. पंडित अडला की लोकांकडे बघा. एकदा बळीचा दिवस शब्बाथला, म्हणजे ओझं वाहायला मनाई असलेल्या विश्रांतीच्या दिवशीच आला. बळी द्यायचा की नाही, हे पुढाऱ्यांना आठवेना. बाबेलहून आलेल्या हिल्लेलने उत्तर दिलं, त्यांनी त्याला प्रमुख केलं, आणि तो त्यांनाच बोल लावू लागला. मग सुरी आदल्या दिवशी आणायची राहिली तर काय, हे त्याला स्वतःलाच आठवेना. तो म्हणाला, लोकांवर सोडा. दुसऱ्या दिवशी कोकरूवाल्यांनी सुरी लोकरीत खोचून आणली, करडूवाल्यांनी शिंगांमध्ये. ते पाहून त्याला नियम आठवला.

4. सारखं दिसतं म्हणून एक मानू नका. गोंड्यातला निळा दोरा समुद्री जीवापासून काढलेल्या रंगाचाच हवा. वनस्पतीची नीळ तालमूदला चालत नाही. आजचे अनेक अभ्यासक तो जीव म्हणजे म्युरेक्स जातीची गोगलगाय मानतात. तिच्या द्रावणावर ऊन पडलं की त्यातून नीळच तयार होते! रसायन एकच, तरी कायदा उगम विचारतो.

5. नियमाने ठेवलेली वाट शोधा. निळा दोरा नसेल तर पांढरे दोरे पुरतात, हे मेनाखोतच्या त्या चौथ्या अध्यायाचं पहिलंच वाक्य. म्हणूनच निळ्या रंगाची विद्या लोपली तरी गोंडे टिकले. तसंच, कोकराच्या दिवशी अशुद्ध किंवा दूरच्या प्रवासात असलेल्याला महिन्याने दुसरी संधी होती.

6. ‘आता उपयोग काय?’ हा प्रश्न शेवटच्या अध्यायापर्यंत राखून ठेवा. पेसाखिमच्या दहाव्या अध्यायात रब्बान गमलिएल सांगतात, वल्हांडणाच्या रात्री कोकरू, बेखमीर भाकर आणि कडू भाजी यांच्याविषयी जो बोलला नाही, त्याचं कर्तव्य झालं नाही. बळी थांबला, बोलण्याची सक्ती राहिली. 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, ती ह्याच कर्तव्यापोटी. कोकराचे नियम न शिकता त्या रात्री बोलणार तरी काय?